इकेबुकुरो ते इकेगामी : ओयामांच्या मागावर

सोमवार – इकेबुकुरो

निशी-कासाईत उतरलं की टोकियोत आल्यासारखं वाटतच नाही. वाण्याकडे तूरडाळ, हिंग, कढीपत्ता सगळं मिळतं आणि लिफ्टमध्ये पुणेरी मराठीत शाळेच्या फीवर चर्चा ऐकू येते. मी भाच्याकडे मुक्कामाला होतो. माझा बेत ऐकून तो म्हणाला, "मामा, लोक इथे फुजी बघायला येतात. तुम्ही एका मेलेल्या कराटेवाल्याचे पत्ते शोधताय?"

तो मेलेला कराटेवाला म्हणजे मासुतात्सु ओयामा, क्योकुशिन कराटेचे संस्थापक. नव्वदच्या दशकात ज्यांनी शाळेच्या मैदानावर पांढरे कपडे घालून 'ओस' (कराटेतलं अभिवादन) म्हणत हातपाय झाडले, त्यांना हे नाव ठाऊक असतं. बैलाची शिंगं धरलेला त्यांचा फोटो क्लासच्या भिंतीवर हमखास असे. माणूस कोरियन होता हे मात्र आमच्या सरांनी कधी सांगितलं नाही. बहुधा त्यांनाही माहीत नसावं.

मूळ नाव चोई योंग-उई. जन्म १९२३, दक्षिण कोरियातलं गिमजे. तेव्हा अख्खा कोरियाच जपानच्या ताब्यात होता. पोरवयात त्यांना मांचुरियात बहिणीच्या शेतावर पाठवलं. तिथल्या एका गड्याने त्यांना चिनी युद्धकलेचे पहिले धडे दिले, असं ते स्वतः सांगत. १९३८ साली हा मुलगा लढाऊ वैमानिक व्हायचं म्हणून जपानला आला. जपानने गिळलेल्या देशातला मुलगा जपानच्याच विमानात बसायची स्वप्नं बघत होता. यात विसंगती आजच्या आपल्या डोळ्यांना दिसते. १९३८ मध्ये पंधरा वर्षांच्या पोराला विमान दिसत असणार, बाकी काही नाही.

वैमानिक होणं राहून गेलं. गिचिन फुनाकोशींकडे शोतोकान कराटे झालं. युद्धानंतर सो नेइ-चू या गोजू-र्‍यू शैलीच्या गुरूंकडे पुढचं शिक्षण झालं. हे गुरूही कोरियनच.

निशी-कासाईहून तोझाई लाइन, इइदाबाशीला बदलून यूराकुचो लाइन, की इकेबुकुरो. या स्टेशनातून योग्य दाराने बाहेर पडणं हे एक शास्त्र आहे. पश्चिमेच्या बाजूने दहा मिनिटं चाललं की रिक्क्यो विद्यापीठाच्या लाल विटांच्या इमारती लागतात. नोव्हेंबर असल्याने भिंतींवरचे वेल तांबडेलाल झाले होते. दर्शनी इमारतीसमोर दोन उंच देवदार आहेत, आपल्या हिमालयातले. मी फोटो काढत उभा होतो, तशीच शेजारी एक आजीबाईही काढत होत्या.

माझं काम विद्यापीठामागच्या गल्ल्यांत होतं. ओयामांनी १९५३ साली पहिला दोजो, म्हणजे कराटेची सरावशाळा, काढला तो जवळच्या मेजिरोत, उघड्या मोकळ्या जागेत. पाऊस आला की वर्ग बंद. १९५६ मध्ये त्यांना रिक्क्योच्या मागे बॅले शिकवायचा एक जुना स्टुडिओ मिळाला. सरावाच्या दांड्या आणि आरसे असलेल्या त्या जागेत पुढची काही वर्षं माणसं एकमेकांच्या मांड्या आणि बरगड्या फोडत होती. त्या काळच्या बहुतेक कराटे शाळांत ठोसा अंगाला लागायच्या आत थांबवायची शिस्त होती. इथे तो थांबत नसे. संस्थेच्याच हिशेबानुसार वर्षभरात सभासद सातशेच्या घरात गेले. सोडून जाणारेही तेवढ्याच वेगाने जात.

मला स्वतःला त्या बैलांपेक्षा हा बॅले स्टुडिओ जास्त महत्त्वाचा वाटतो. बैलाशी झुंजणारा माणूस फोटोत राहतो. भाड्याच्या खोलीत रोज संध्याकाळी शिकवणारा माणूस शाळा उभी करतो. त्या शाळेत परदेशी लोकही लवकर आले. हॉलंडचे योन ब्लूमिंग आले. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले स्टीव्ह आर्नील आले. त्यांनी १९६५ साली एकामागून एक शंभर प्रतिस्पर्ध्यांशी लढण्याची कसोटी पार केली आणि पुढे ब्रिटनमध्ये क्योकुशिन रुजवलं. परक्याच्या दारात परके जास्त सहज शिरतात की काय कोण जाणे.

जून १९६४ मध्ये जवळच निशी-इकेबुकुरोत मुख्यालयाची स्वतःची इमारत झाली. नव्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले एइसाकु सातो, आणि त्याच नोव्हेंबरात ते जपानचे पंतप्रधान झाले. मोकळ्या जागेपासून पंतप्रधानांपर्यंत अकरा वर्षं. गल्ली आजही साधीच आहे. सायकली, वाळत घातलेल्या गाद्या, एका कोपऱ्यावर रामेनचं दुकान.

मंगळवार – गोकोकु-जी

इकेबुकुरोपासून यूराकुचो लाइनवर दोन स्टेशनं. गोकोकु-जी हे १६८१ साली शोगुन (जपानचा लष्करी सत्ताधीश) त्सुनायोशीने बांधलेलं देऊळ. मुख्य मंडप १६९७ चा. १९२३ चा भूकंप आणि १९४५ ची बॉम्बफेक या दोन्हींतून तो वाचला. टोकियोत एवढं जुनं लाकूड सहसा बघायला मिळत नाही, म्हणून मी आधी तिथेच बराच वेळ काढला. आत जोडे काढून बसता येतं.

ओयामांची समाधी या देवळाच्या दफनभूमीत आहे. शेजारीपाजारी भारी मंडळी: वासेदा विद्यापीठाचे संस्थापक ओकुमा, आणि आधुनिक जपानी सैन्याचे जनक यामागाता. ज्या सैन्याच्या बळावर कोरिया गिळला गेला त्याचा बाप आणि गिमजेचा चोई योंग-उई एकाच आवारात आहेत. दगडांवर ताज्या फुलांच्या जुड्या दिसत होत्या. माझ्या आधी बहुधा रशियन बोलणारं एक जोडपं येऊन उभं होतं. दोघांनी कमरेत वाकून मोठ्याने 'ओस' म्हटलं, आणि झाडीत कावळे उडाले.

२६ एप्रिल १९९४ रोजी ओयामा फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. मग जे व्हायचं तेच झालं. रुग्णालयात केलेलं मृत्युपत्र न्यायालयाने ग्राह्य धरलं नाही, आणि उत्तराधिकारी शोकेइ मात्सुइ, ज्येष्ठ शिष्य व घरची मंडळी यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. आज क्योकुशिन नावाच्या अनेक संघटना आहेत. सगळ्यांच्या भिंतींवर फोटो त्याच माणसाचा. आपल्याकडची संगीत घराणी आणि सांप्रदायिक मठ पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. मात्सुइ मात्र लक्षात ठेवण्यासारखे. १९८६ साली शंभर लढतींची कसोटी, पुढच्याच वर्षी विश्वविजेतेपद, आणि तेही जपानमध्ये वाढलेल्या कोरियन कुटुंबातले.

संध्याकाळी एका दोजोत वर्ग बघायची परवानगी मिळाली. कोणत्या गटाचा, ते लिहीत नाही. लिहिलं तर उरलेले रुसतील. आधी मुलांचा वर्ग होता, सहा-सात वर्षांची पोरं घसा फाडून ओरडत होती. मग मोठ्यांचा. नडगी मांडीवर बसते तेव्हा जो आवाज येतो तो व्हिडिओत ऐकू येत नाही. ओलं धुणं दगडावर आपटल्यासारखा, जड आणि बसका.

क्योकुशिनच्या स्पर्धेचा नियम बाहेरच्यांना विचित्र वाटतो. हातमोजे नाहीत, छातीवर, पोटावर, मांडीवर पूर्ण ताकदीने मारा, डोक्यावर लाथ चालेल, पण चेहऱ्यावर ठोसा नाही. उघड्या मुठीने चेहऱ्यावर मारू दिलं तर दातांचा आणि डोळ्यांचा हिशेब कोण ठेवणार? त्यामुळे खेळ जवळून, छातीला छाती भिडवून होतो, आणि शेवटी ज्याची मांडी आधी मोडते तो हरतो. या नियमांनी १९६९ मध्ये पहिली अखिल जपान स्पर्धा झाली. १९७५ च्या पहिल्या जागतिक स्पर्धेत कात्सुआकी सातो जिंकले. टीका करणारे म्हणतात, चेहरा सांभाळायची सवयच जाते. टीका खरी आहे. पण त्याआधी, १९६४ मध्ये, ओयामांचे तीन शिष्य बँकॉकला जाऊन थाई बॉक्सर्सशी त्यांच्या रिंगणात लढले होते आणि तीनांपैकी दोन लढती जिंकून आले होते. हरले ते त्यांतले ज्येष्ठ, कुरोसाकी. त्यांनी तो पराभव इतका मनावर घेतला की पुढे जपानी किक-बॉक्सिंगच्या जडणघडणीत त्यांचं नाव आलं.

बुधवार – कियोसुमी

टोकियो स्टेशनात केइयो लाइनचे फलाट इतके खोल आणि लांब आहेत की गाडीत बसेपर्यंत निम्मा प्रवास झाल्यासारखं वाटतं. तिथून वाकाशिओ एक्सप्रेस, दोनेक तासांनी कामोगावा. एका बाजूला पॅसिफिक, दुसऱ्या बाजूला बुटके दाट डोंगर. टॅक्सीवाल्याला डोंगरावरच्या देवळाचं नाव, 'सेइचो-जी', सांगितल्यावर त्याने वळणावळणाच्या रस्त्याने वर नेलं.

चिबाच्या या कियोसुमी डोंगरात ओयामांनी दीड वर्ष एकांतात काढलं. सांगणाऱ्यांच्या मते रोज बारा तास सराव: पहाटे धबधब्याखाली उभं राहणं, झाडांवर ठोसे, दगडांवर हाताच्या कडा, रात्री ग्रंथवाचन. उंची म्हणाल तर जेमतेम पावणेचारशे मीटर. सह्याद्रीत याला कुणी डोंगर म्हणणार नाही. पण झाडी पाहिल्यावर एकांत म्हणजे काय ते कळतं. सुगी (जपानी देवदार) आणि ओकची इतकी गच्च रानं की दुपारी बाराला वाटेवर अंधार. यातला मोठा भाग टोकियो विद्यापीठाचं संशोधन-वन आहे, १८९४ पासूनचं. देवळाच्या अंगणातला सुगीचा महावृक्ष सुमारे ४७ मीटर उंच. मान मागे टाकली तरी शेंडा काही दिसेना.

पण हे देऊळ आधीपासून प्रसिद्ध आहे ते निचिरेन या भिक्षूमुळे. इथेच शिकून, १२५३ च्या वसंतात, समुद्रावर उगवणाऱ्या सूर्याकडे तोंड करून त्याने पहिल्यांदा 'नामु म्योहो रेंगे क्यो' म्हटलं. हा मंत्र मराठी माणसाला अगदीच अनोळखी नाही. वरळीच्या जपानी बुद्धमंदिरात ढोलाच्या ठेक्यावर तो रोज चालतो. निचिरेनच्याच परंपरेतले फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, आणि आश्रमाच्या प्रार्थनेत तो मंत्र कायमचा शिरला. सेवाग्रामला मुक्काम केलेल्यांच्या कानात 'नम्यो हो रेंगे क्यो' अजून असेल. मी देवळाच्या कचेरीतल्या तरुण भिक्षूला मोडक्या इंग्रजीत हे सांगितलं. त्याला गांधी कळले, वरळी कळली नाही. ओयामांबद्दल विचारलं तर तो हसला, दोन मुठी वर केल्या आणि झाडांकडे बोट दाखवून मान हलवली. झाडांना मारायची परवानगी नाही, असा त्याचा अर्थ मी घेतला.

सूर्योदयाच्या जागेवर पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. खाली समुद्र, मागे रान. इतक्या शांत जागी दीड वर्ष राहून माणूस एक तर संत होईल किंवा खाली उतरून भेटेल त्याला आव्हान देईल. ओयामांनी दुसरं केलं.

गुरुवार – तातेयामा

कामोगावाहून उचिबो लाइनने पाऊण तास. निवांत, जरा पेंगुळलेलं गाव, शांत उपसागर आणि हवा स्वच्छ असेल तर पलीकडे फुजी. हवा स्वच्छ नव्हती.

बैलांची कथा इथली. जवळच्या कत्तलखान्यात सराव केला, मग किनाऱ्यावर झुंज, कॅमेऱ्यासमोर. दावा असा की एकूण बावन्न बैल, त्यांतले तीन जागीच ठार, बाकीच्यांची शिंगं हाताच्या कडेने उडवली. चित्रफीत आहे. तीत झटापट दिसते, मारामारी कमी. पुढे त्यांच्याच जुन्या शिष्यांतल्या काहींनी या आकड्यांवर उघड शंका घेतली. मला आकड्यांत रस नाही आणि बैलाबद्दल सहानुभूती आहे. पण १९७० च्या दशकात सचित्र मासिकांतून या गोष्टी घराघरांत गेल्या आणि दोजोपुढे रांगा लागल्या, हेही खरं. जाहिरात कशी करावी हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

किनाऱ्यावर दोन म्हातारे गळ टाकून बसले होते. मी तळलेला बांगडा आणि भात खाल्ला. बांगडा कोकणातल्यापेक्षा जाड, तिखटाशिवाय, पण ताजा. संध्याकाळी परत.

शुक्रवार – मिनोबू

शिंजुकूहून कोफू, कोफूहून मिनोबू लाइन. ही लाइन फुजी नदीच्या काठाने रांगत जाते आणि प्रत्येक वस्तीपाशी थांबते. हाच यामानाशी जिल्हा, जिथल्या विमानशाळेत चोई योंग-उई १९३८ साली आला होता. युद्ध संपल्यावर तो परत इथे आला, या वेळी डोंगरावर.

मिनोबू हेही निचिरेनचंच. १२७४ मध्ये तो इथे येऊन राहिला, आणि कुओन-जी हे त्याच्या पंथाचं मुख्य पीठ. महाद्वारातून आत गेलं की समोर २८७ पायऱ्या, एकेक गुडघाभर. मध्ये थांबायला कठडे आहेत. मी सगळे वापरले. वर मंडपात ढोल आणि मंत्र चालू होता, ठेका थेट वरळीचा. त्याच्याही वर रोपवेने ११५३ मीटरवरच्या आतल्या देवळापर्यंत जाता येतं.

पराभूत देश, जळलेलं टोकियो, आणि कोरियन म्हणून जन्मलेला विशीतला पोरगा. युद्ध संपताना जपानमध्ये सुमारे वीस लाख कोरियन होते. बहुतेक परतले, सहा लाखांच्या आसपास राहिले. त्यांच्यात डावे-उजवे गट, रस्त्यावरच्या मारामाऱ्या, काळाबाजार. सो गुरूंनी सल्ला दिला की शहर सोड, डोंगरावर जा. सोबत याशिरो नावाचा एक शिष्य होता. सहाएक महिन्यांनी तो एका रात्री निघून गेला. तेव्हा ओयामांनी एक भुवई भादरली, म्हणजे त्या अवतारात खाली जायची लाज वाटावी. ही गोष्ट मला बैलांहून शंभरपट पटते. पराक्रम रचून सांगणारा माणूस असली हास्यास्पद गोष्ट रचत नाही. चौदा महिन्यांनी मदत करणाऱ्याने हात आखडता घेतला आणि त्यांना उतरावं लागलं. १९४७ साली क्योतोची स्पर्धा त्यांनी जिंकली, आणि मग कियोसुमी.

तलवारबहाद्दर मुसाशीचं वेड त्यांना होतंच. जपानमध्ये टिकायचं तर जपान्यांच्याच पुराणातल्या वीरासारखं, जपान्यांच्याच संताच्या डोंगरांवर तप करायचं. हे त्यांनी ठरवून केलं की नकळत, याचा निवाडा मी करत नाही. पण कियोसुमी आणि मिनोबू हे दोन्ही डोंगर निचिरेनचे असावेत, याला मी योगायोग म्हणणार नाही.

पायथ्याशी युबा खाल्ला, सोयाच्या दुधावरची साय. शाकाहारी मंडळींनी मिनोबूला जरूर जावं. जपानात पोट भरून आणि निःशंक मनाने जेवता येईल अशा जागा थोड्या.

शनिवार – इकेगामी

निचिरेन १२८२ मध्ये जिथे वारला ते इकेगामी होनमोन-जी टोकियोच्या दक्षिणेला आहे. मी मात्र आलो होतो ओयामांच्या वैऱ्यासाठी.

देवळाच्या ९६ दगडी पायऱ्या कातो कियोमासाने दिल्या. हा निचिरेनचा कट्टर भक्त, आणि १५९२ च्या कोरियावरच्या स्वारीतला आघाडीचा सेनापती. त्या पायऱ्या चढून गेलं की १६०८ च्या पंचमजली पागोड्याजवळ रिकिदोझानची समाधी लागते. हातांची घडी घातलेला अर्धपुतळा, छाती अजून फुगलेली. युद्धानंतर दूरदर्शन संचांपुढे रस्त्यात गर्दी करून जपानी माणूस ज्या कुस्तीगिराला अमेरिकनांना लोळवताना बघत असे, तो हा. जपानी स्वाभिमानाचा पुतळाच. त्याचं खरं नाव किम सिन-राक, जन्म आजच्या उत्तर कोरियातला. जाहीर चरित्रात मात्र गाव नागासाकीकडचं. आपल्या दारासिंगचा प्रतिस्पर्धी किंगकाँग, तोही १९५५ मध्ये टोकियोत याच्याशी लढला होता.

२२ डिसेंबर १९५४ रोजी कुरामाएच्या आखाड्यात रिकिदोझान आणि ज्यूदोचे महान मल्ल मासाहिको किमुरा समोरासमोर आले. किमुरांच्या म्हणण्याप्रमाणे लढत बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं. मध्येच रिकिदोझानने खरे फटके मारले आणि किमुरा रक्ताच्या थारोळ्यात पडले. किमुरा हे ओयामांचे जिव्हाळ्याचे मित्र. ओयामा तिथे होते आणि त्यांनी रिकिदोझानला आव्हान दिलं, असं सांगतात. ती लढत कधी झाली नाही. १९६३ च्या डिसेंबरात एका नाइटक्लबात रिकिदोझानला भोसकलं गेलं आणि आठवड्याने तो गेला.

दोघेही कोरियन, दोघेही जपानचे वीर. पण एक मजा ओयामांच्याच वाट्याला आली. १९५२ मध्ये ते अमेरिकेत कुस्तीच्या फडांवर फिरले ते 'टोगो बंधू' या नावाच्या तिघांतले एक म्हणून. प्रेक्षकांनी शिव्या घालाव्यात असे तीन दुष्ट जपानी भाऊ. थोरला ग्रेट टोगो जन्माने ओरेगॉनचा अमेरिकन, दुसरा एन्दो जपानी ज्यूदोपटू, तिसरा मास टोगो, आपले गिमजेचे. लाकडं फोडून दाखवणं आणि आव्हान घेणं हे त्यांचं काम. त्याच वर्षी २८ एप्रिलला सान फ्रान्सिस्कोचा करार अमलात आला आणि जपानमधल्या कोरियनांचं जपानी नागरिकत्व एका फटक्यात गेलं. म्हणजे इकडे कागदावर परके, तिकडे रिंगणात अस्सल जपानी.

रविवार – शिन-ओकुबो

शेवटचं जेवण भाचा आणि सुनबाईंबरोबर शिन-ओकुबोत, टोकियोच्या कोरियन वस्तीत. रस्त्यावर शाळकरी जपानी मुलींची ही गर्दी, सगळ्या कोरियन प्रसाधनं आणि चीज लावलेल्या हॉटडॉगसाठी आलेल्या. ओयामांच्या तरुणपणी कोरियन असणं लपवायची गोष्ट होती, हे या पोरींना सांगून खरं वाटणार नाही. वाढणाऱ्या कोरियन तरुणाला मी फोनवर ओयामांचा फोटो दाखवला. "चोई बे-दाल!" तो लगेच म्हणाला. कोरियात ओयामा याच नावाने ओळखले जातात. सिनेमात पाहिला होता. कराटेबद्दल त्याला काही माहीत नव्हतं.

पुढे ओयामांनी जपानी नागरिकत्व घेतलं. कोरियातही त्यांचं घर होतं, तिथे तीन मुलगे. हे मी सांगत होतो तेव्हा भाचा एकदम गप्प झाला. मग सुनबाईच म्हणाल्या, "मामा, आम्हीपण अर्जाचा विचार करतोय. मुलीची शाळा, घराचं कर्ज... पण इथलं घेतलं की भारताचं सोडावं लागतं."

"आणि नाव?" मी विचारलं. "पूर्वी म्हणे जपानी नाव घ्यावं यासाठी आग्रह असायचा."

"आता नाही," भाचा म्हणाला. "काताकाना लिपीत आपलंच ठेवता येतं." त्याने पाण्याच्या ग्लासखालचा कागदी रुमाल ओढला आणि त्यावर कुलकर्णी लिहून दाखवलं. पाच अक्षरं झाली. सुनबाई म्हणाल्या, "आईंना आत्ताच काही सांगू नका हं." आणि बिल मागवलं.